डाव्या बॉक्सामागं

काही वर्षं मी बीड जिल्ह्यातल्या बऱ्याच स्टेजांवर गायले, आणि त्यातल्या एकाही गावात मला कुणी ओळखत नव्हतं. माझी जागा स्टेजच्या डाव्या हाताला, माणसाच्या उंचीच्या स्पीकर बॉक्सामागं असायची. तिथं एक लोखंडी खुर्ची, एक माइक आणि वारा घ्यायला पुठ्ठा. बॉक्सामागं आवाज कमी येत असेल असं लोकांना वाटतं. तसं काही नाही. सगळा दणका छातीत बसतो आणि शब्द मात्र कळत नाहीत. म्हणून मी पुढं उभ्या असलेल्या बाईंच्या पाठीकडं बघून गायचे. बाईंचा डावा खांदा उचलला की वरचा सूर माझा.

बाई म्हणजे आमच्या ऑर्केस्ट्राच्या मुख्य गायिका. मी त्यांच्या हाताखाली आले तेव्हा त्यांनी साठी ओलांडलेली होती, पण किती ओलांडली हे विचारायची कुणाची छाती नव्हती. मी तेव्हा दूध संघाच्या शीतकरण केंद्रात, नेकनूरच्या रस्त्याला, दुधाचं फॅट बघायच्या कामाला होते. दुष्काळाची वर्षं. चाऱ्यावाचून लोकांनी दुभती जनावरं विकली, आणि जिथं टेंपो भरून कॅन यायचे तिथं मोटारसायकलला दोन बाजूला दोन कॅन लटकवून एखादा माणूस यायचा. सकाळचं काम चहा व्हायच्या आत संपायचं. मग मी त्या मोकळ्या हॉलमध्ये, रिकाम्या स्टीलच्या टाकीजवळ उभी राहून गायचे. टाकी फार छान घुमायची.

मी गावात हळदीला, डोहाळजेवणाला गायचे, ते कुणीतरी बाईंच्या कानावर घातलं होतं. एक दिवस जीप आली. बाई उतरल्या. जांभळी नायलॉनची साडी, केसांत फूल, डोळ्यांवर गॉगल. बीड जिल्ह्यात पाणी नव्हतं, पण बाईंच्या केसांत फूल होतं.

"हळदीला गाणारी तूच का?"

"व्हय."

"जरा गा."

मी गायले. बाईंनी डोळे मिटून ऐकलं, मग टाकीवर टिचकी मारली. "ही घुमती का तू घुमतीस?"

"दोघीबी."

"टाकी न्हेता यायची न्हाई," बाई म्हणाल्या. "तू ये."

मग त्यांनी अट सांगितली. "आधीच सांगून ठेवते, मला गायला कुणी लागत न्हाई. माझं गाणं माझंच हाय. फक्त वरच्या पट्टीला जरा सोबत ऱ्हायचं. मी दमले तर."

"आणि दमल्या न्हाई तर?"

"तर गप बसायचं."

पहिल्याच कार्यक्रमात बाई पहिल्याच ओळीला दमल्या.

घरून परवानगी काढायची होती. नवऱ्याचा चेहरा पडला. "स्टेजवर?" म्हणाला. मी म्हटलं, स्टेजवरच, पण दिसणार न्हाई कुणाला. त्याला ते जास्तच संशयास्पद वाटलं. सोडवलं सासूबाईंनी. त्यांच्या लग्नाच्या साली त्यांनी बाईंचं गाणं ऐकलेलं होतं. त्या म्हणाल्या, "जाऊ दे तिला. पण मला पुढच्या रांगेत जागा पायजे." मिळाली. कार्यक्रमाहून घरी आल्यावर त्या पाय धुता धुता म्हणाल्या, "बाई आजबी काय गातात बघ. न्हाईतर तू."

"अहो, वर गात होते ती मीच की."

"तू तर मागं होतीस," सासूबाई म्हणाल्या, आणि विषय मिटला.

हा ऑर्केस्ट्रा तिघांचा. बाई, अण्णा आणि मामा. फार पूर्वी, मोठ्या दुष्काळात, हे तिघं एकाच ठिकाणी खडी फोडायला होते. दुपारच्या सुट्टीत अण्णा गायचे, मामा उपड्या घमेल्यावर ठेका धरायचे, आणि बाई सुरुवातीला नुसत्या "गप बसा, डोकं दुखतंय" म्हणायच्या. मग एक दिवस अण्णांचा सूर चुकला तो बाईंनी दुरुस्त करून दाखवला, आणि तिघांचं जमलं. पुढं साखर कारखाना निघाला. शेअर गोळा करायला गावोगाव सभा घ्यायच्या, तर लोकांनी यावं कावून? म्हणून सभेआधी गाणं. या तिघांचं गाणं ऐकून किती लोक सभासद झाले याचा हिशोब नाही, पण जुने शेतकरी अजून सांगतात, "आमी शेअर बाईंच्या गाण्यावर घेतलता." अण्णांनी पुण्याहून इलेक्ट्रिक गिटार आणली. आमच्या भागात तशी दुसरी नव्हती. लाल रंग, खाली चंदेरी दांडी. पांढरे बूट घालून अण्णा ती गिटार कमरेवर घ्यायचे तेव्हा पोरं झाडावर चढायची.

मी आले तोवर अण्णांची बोटं आखडली होती. सकाळी चहाचा कप धरायलाच त्यांना वेळ लागायचा. म्हणून उजव्या बॉक्सामागं परळीचा एक गिटारवाला होता. तो औष्णिक केंद्राच्या राखेच्या ट्रकांवर कामाला होता, आणि दोन गाण्यांच्या मध्ये खोकायचा. अण्णांच्या गिटारीची वायर कशालाच जोडलेली नसायची. तिचं टोक अण्णा खिशात घालून ठेवायचे. तरी दर कार्यक्रमाआधी ते गिटार कानाशी धरून अर्धा तास सूर लावायचे, आणि मग परळीवाल्याकडं वळून म्हणायचे, "माझं लागलं. तुझं बघ."

मामांचे गुडघे गेले होते, आणि कानही. ड्रमचा पायाने मारायचा ठोका त्यांना जमत नव्हता. त्यांच्या मागं, झालर लावलेल्या टेबलाआड, वडवणीचा एक माणूस ऑक्टोपॅड घेऊन बसायचा. लग्नाच्या वरातीत वाजवणारा; दोन काड्या आणि आठ चौकोन, की झाला अख्खा बँड. मामा पुढं हात हलवायचे, तो मागं वाजवायचा. एकदा गाण्याच्या मध्येच मामांना शिंक आली. त्यांनी दोन्ही हात तोंडावर धरले. ठेका चालूच. मामांनी हात खाली घेतले, काड्यांकडं पाहिलं, ड्रमकडं पाहिलं आणि आमच्याकडं वळून अभिमानानं म्हणाले, "बघा, सवय म्हणतात ती ही."

म्हणजे पुढं तिघं, मागं तिघं. पुढच्यांनी कधी आम्हाला वाजवणारे किंवा गाणारी म्हटलं नाही. कुणी विचारलं तर बाई सांगायच्या, "ही माझ्या सोबतीला असती," म्हणजे जशी काही मी त्यांची पिशवी धरायला आले.

आमचं ठरलेलं मोठं काम कारखान्याच्या वार्षिक सभेचं. कारखान्याचं नाव सांगत नाही. गाळप तेव्हा बंदच होतं, कारण ऊस नव्हता. पण सभा घ्यावीच लागते. चेअरमनसाहेब यायच्या आधी दोन गाणी, सभा संपल्यावर दोन, आणि तिसरं काम न बोलता ठरलेलं होतं. एखादा सभासद उठून नको ते विचारायला लागला की चेअरमनसाहेब चष्मा काढून पुसायचे. त्यांनी चष्मा काढला की आम्ही सुरू. गाणं चालू असताना माणूस प्रश्न तरी किती वेळ विचारणार?

त्या वर्षी चेअरमनसाहेबांवर चष्मा काढायची वेळ आली तेव्हा बाई स्टेजवरच पेढा खात होत्या. विषय मंजूर, मंजूर असं चाललं होतं, सगळं शांत होतं, म्हणून त्यांनी अख्खा पेढा तोंडात टाकला. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक पागोटेवाले आजोबा उठले. "साहेब, ऊस न्हाई तर कारखान्याच्या गाड्या कुठं फिरत्यात?" चष्मा उतरला. वडवणीवाल्यानं ठोका टाकला. मी बाईंच्या खांद्याकडं पाहिलं. खांदा हलला. मी सुरू केलं, आणि सुरुवातच वरच्या पट्टीत.

बाई पुढं उभ्या, दोन्ही गाल फुगलेले, ओठ मिटलेले, आणि त्यांच्या आवाजात गाणं चाललेलं. मी मागं, मला त्यांचं तोंड दिसत नाही. मी आपली जीव तोडून गातेय. पहिल्या रांगा हसायला लागल्या तेव्हा मला वाटलं गाणं रंगलं.

प्रश्न विचारणारे आजोबा अजून उभेच होते. गाण्याचं कडवं संपल्यावर त्यांनी हात जोडले. "बाई, सावकाश गिळा. आमी थांबतो. घाई न्हाई."

सभा त्या दिवशी फार खेळीमेळीत पार पडली. आजोबांना उत्तर मिळालं नाही, पण चहा दोनदा मिळाला.

परतीच्या जीपमध्ये बाई म्हणाल्या, "तू लवकर चालू केलंस."

"तुमचा खांदा हलला."

"तो पेढ्यानं हलला."

मला वाटलं, आता आपलं बिंग फुटलं. उद्यापासून कोण बोलावणार? पण पुढच्या महिन्यात नेहमीपेक्षा जास्त बोलावणी आली. लोकांना माहीत होतं. बहुधा आधीपासूनच माहीत होतं. त्यांचं काही म्हणणं नव्हतं.

आम्हा मागच्या तिघांना मात्र यातून भलतंच वाटायला लागलं. परळीवाला एकदा बॉक्सावर कोपर टेकून म्हणाला, "सूर आपला, ठेका आपला, आवाज आपला. मग ऑर्केस्ट्रा कुणाचा बे?" वडवणीवाला म्हणाला, आपलाच. माझ्या मनातही तेच होतं, पण मी म्हटलं, मला काय ठाऊक.

संधी लवकरच आली. वडवणीला एका पतसंस्थेचा वर्धापनदिन होता, आठवडी बाजाराच्या दिवशी, दुपारी. आणि नेमकं तेव्हाच अण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. अण्णा नाहीत तर बाई येणार नाहीत, आणि हे दोघं नाहीत तर मामा एकटे कशाला येतील? परळीवाला धाडस करून म्हणाला, "आमी तिघं जाऊन येऊ का?"

"जावा की," बाई म्हणाल्या. "कोण अडवतंय?"

मी नवी साडी नेसले. परळीवाल्यानं कपडे इस्त्री केले. वडवणीवाल्याचं तर गावच. त्यानं मेहुण्यांना बोलावून ठेवलं होतं. आम्ही स्टेजच्या अगदी मधोमध उभे राहिलो. बॉक्स दोन्ही बाजूंना, मागं कुणी नाही. आणि खरं सांगते, आम्ही त्या दिवशी जे वाजवलं आणि गायलं त्याला तोड नव्हती. एक चूक नाही.

पहिलं गाणं झालं. टाळी नाही. मला वाटलं, ऊन आहे. दुसरं झालं. लोक बसलेले होते, पण आपसात बोलत होते. कुणी भेंडीचा भाव विचारत होतं, कुणी शेंगा सोलत होतं. तिसऱ्या गाण्याच्या मध्ये पहिल्या रांगेतली एक म्हातारी मला हातानं बाजूला हो म्हणून खुणावायला लागली. मी गाता गाता सरकले. ती अजून खुणावत होती. मी आणखी सरकले. गाणं संपल्यावर मी विचारलं, "काय झालं आजी?"

"तुझ्या मागनं बाई येतील त्या दिसायच्या न्हाईत, म्हणून म्हणलं सरक."

"बाई आज न्हाई येणार."

"मग हे काय चाललंय मघापासनं?"

शेजारचा माणूस तिला समजावून सांगायला लागला, "आत्ते, माइक टेस्टिंग हाय ते."

आम्ही अख्खा कार्यक्रम केला, आणि वडवणीनं तो माइक टेस्टिंग म्हणून ऐकला. शेवटी एकजण उठून म्हणाला, "माइक चांगला हाय आता, करा सुरू." पतसंस्थेच्या चेअरमननी आम्हाला शाल आणि नारळ दिला, आणि वर सांगितलं, "हे बाईंना द्या. बसनं जाताना नारळ सांभाळा." वडवणीवाल्याचे मेहुणे तेवढे टाळ्या वाजवत होते, पण त्यांनाही घाई होती.

शाल घेऊन मी बाईंकडं गेले. त्यांनी मला बसवलं, चहा दिला. काय झालं ते विचारलं नाही. त्यांना आधीच कळलं असावं. मीच शेवटी म्हटलं, "बाई, मी काही चुकले का? सूर तर बरोबर लागला."

"सूर तुझा बरोबरच लागतो," बाई म्हणाल्या. त्यांनी हे पहिल्यांदा म्हटलं. "पण बघ, त्यांची लग्नं झाली, पोरं झाली, पहिला ऊस गेला, तवा मी गात होते. मला बघितलं की त्यांना ते आठवतंय. तुला बघून काय आठवणार? दूध संघ."

मला रागही आला आणि हसूही आलं. दूध संघाच्या टाकीतलं शेवटचं दूध त्याच आठवड्यात गेलं होतं. दुसऱ्या दिवशी केंद्राला कुलूप लागलं.

त्यानंतरचा उन्हाळा वाईट होता. जनावरांच्या चारा छावण्या उघडल्या. कारखान्याच्याच मंडळींनी माळावर एक छावणी चालवायला घेतली होती. जनावरांबरोबर माणसंही तिथंच, साड्यांची, पोत्यांची पालं ठोकून महिनोन्‌महिने. चूल तिथं, अंघोळ तिथं, सोयरीक जुळवणं तिथं. कंटाळून गेलेल्या लोकांसाठी काहीतरी करा म्हणून आम्हाला निरोप आला. चार वाजता कार्यक्रम. दोन ट्रॉल्या जोडून स्टेज केलं होतं.

आम्ही बॉक्स लावले, वायरी ओढल्या. मी माझ्या जागी बसले. आणि जनरेटर सुरूच होईना. होता तो डिझेलचा कॅन पाण्याच्या पंपाला लागला होता. टँकर उशिरा आला आणि हौद भरल्याशिवाय जनावरं थांबणार नव्हती. छावणीच्या माणसानं मान खाली घालून सांगितलं, "गाणं का पाणी म्हटल्यावर साहेब, आमी पाणी निवडलं."

वीज नाही म्हणजे माइक नाही. ऑक्टोपॅड नाही. परळीवाल्याची गिटार म्हणजे नुसती फळी. तो आणि अण्णा, दोघांच्या हातात सारखंच वाद्य झालं. लोक मात्र येऊन बसले होते, माळभर. शेणाच्या पाट्या बाजूला ठेवून बायका पुढं बसलेल्या. मागं गाई, म्हशी, बैल.

अण्णांचा डोळा नुकताच बरा झाला होता. ते ट्रॉलीवर चढले, लोकांकडं पाहिलं आणि बराच वेळ बघतच राहिले. कितीतरी वर्षांनी त्यांना समोरची माणसं स्वच्छ दिसत होती. मग बाईंच्या कानाशी वाकून, पण आम्हा सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाले, "अगं, ही सगळी म्हातारी झालीत की."

"तुमी आरशात बघितलं का, डोळा उघडल्यावर?" बाई म्हणाल्या.

"न्हाई अजून."

"घाई करू नका."

मी बॉक्सामागून हळूच विचारलं, "बाई, मी बिनमाइकचं गाऊ का? लांबवर जाईल माझा आवाज." बाईंनी मागं न बघता हातानं नको म्हटलं. मग त्यांनी सुरुवात केली. स्वतःच्या आवाजात, नेहमीपेक्षा बऱ्याच खालच्या पट्टीत. मी त्यांचा खरा आवाज इतका नीट कधी ऐकलाच नव्हता. तो खरखरीत होता, आणि बरा होता. मामांना कुणीतरी पत्र्याचा डबा दिला. ते मांडी घालून बसू शकत नव्हते, म्हणून पेंडीच्या पोत्यावर पाय लांब करून बसले आणि डबा मांडीवर घेऊन वाजवायला लागले. गुडघ्याचा प्रश्नच आला नाही.

पहिलं कडवं निभावलं. दुसऱ्यात ती वरची जागा आली. बाईंचा खांदा उचलला गेला. मी श्वास घेतला, आणि त्याआधीच बाईंचा आवाज फाटला. सरळ दोन तुकडे. मी डोळे मिटून घेतले.

गाणं थांबलं नाही. पुढं बसलेल्या बायकांनी ती ओळ उचलली होती. काहीही विचार न करता, चूल फुंकावी तशी. त्यांच्यातल्या निम्म्या बेसूर होत्या. मागच्या पुरुषांनी पुढची ओळ घेतली, आणि त्यात कुणाचे शब्द वेगळे, कुणाचे वेगळे. मध्येच एक म्हैस ओरडली आणि तिला सात-आठ जणींनी उत्तर दिलं. बाई हसत होत्या. अण्णांनी गिटार काढून परळीवाल्याच्या गळ्यात अडकवली आणि टाळ्या वाजवायला लागले. आता त्याच्याकडं दोन गिटारी होत्या आणि वाजत एकही नव्हती.

मी तरी बॉक्सामागं कशाला बसू? मी उतरले, पदर खोचला आणि त्या बायकांमध्ये जाऊन बसले. एकीनं सरकून जागा दिली. तिनं मला विचारलं, "कुठल्या पालातली तू?" मी म्हटलं, पलीकडच्या. आणि गायले. माझा आवाज त्या सगळ्यांत कुठं गेला ते मलाही कळलं नाही.

जीपमध्ये बसल्यावर बाई म्हणाल्या, "आता इथनं पुढं सगळी गाणी दोन पट्ट्या खाली. आणि ती खुर्ची मागनं काढा. माझ्या शेजारी ठेवा, लोकांना दिसंल अशी." मी काहीतरी बोलणार तोच त्या म्हणाल्या, "मला मधनं मधनं टेकायला लागती."

पण खुर्च्या दोन मांडल्या गेल्या. एक त्यांची, एक माझी. निवेदक माझी ओळख 'सहगायिका' अशी करून द्यायला लागला. सासूबाईंनी तो शब्द शेजारीपाजारी सगळ्यांना ऐकवला.

पुढच्या वर्षी पाऊस झाला, दुसऱ्या वर्षी ऊस उभा राहिला आणि कारखान्याच्या गव्हाणीत पुन्हा मोळी पडली, गाळप सुरू झालं. त्या दिवशी सकाळी आम्ही तिथं गायलो. परळीवाला आणि वडवणीवालाही आता उजेडात बसायचे, त्यामुळे पुढं सहाजण आणि मागं नुसत्या वायरी. बाईंनी तोच शेवटचा कार्यक्रम म्हणून जाहीर केला, तसा त्यांनी पुढं आणखी चारदा जाहीर केला, ती गोष्ट निराळी.

निघताना कारखान्यानं जीपमध्ये उसाची कांडकी टाकली. किती वर्षांनी आपल्याकडचा ऊस. सगळे सोलत, चावत, चोथा बाहेर टाकत निघालो. मामांना दात नव्हते. ते आपलं कांडकं हातात धरून बराच वेळ वास घेत बसले. मग त्यांनी ते वडवणीवाल्याकडं दिलं.

"माझ्या वाटचं तू खा," म्हणाले. "आणि कसं हाय ते सांग."

वडवणीवाल्यानं चावून पाहिलं. त्यांच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं म्हणाला, "लई गोड हाय, मामा."

"मग?" मामा म्हणाले, आणि रुमालानं स्वतःचं तोंड पुसलं.